कागद दाखवा म्हणणाऱ्या आदेशावर लगेच अपील होतं का?

दिवाणी दावा चालू असताना कोर्टानं मधेच आदेश केला की अमुक कागद समोरच्याला दाखवा, किंवा उलट झालं, तुम्हीच तसा अर्ज दिला होता आणि तो नामंजूर झाला, की पक्षकाराचं पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब, याच्यावर अपील टाकू, वर जाऊ." वर म्हणजे आपल्याकडं संभाजीनगर, हायकोर्टाचं खंडपीठ. मी मराठवाड्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करतो आणि हे इतक्यांदा कानावर येतं की म्हणलं एकदा बसून नीट लिहावंच, कारण उत्तर वाटतं तेवढं सरळ नाहीये आणि एका ठिकाणी तर मला कायदाच अपुरा वाटतो.

थोडक्यात सांगायचं तर अपील होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ११ म्हणजे समोरच्याकडची माहिती आणि कागदं मिळवायचा मार्ग. नियम १२ खाली अर्ज दिला तर कोर्ट समोरच्याला सांगू शकतं की तुझ्याकडं या दाव्याशी संबंधित काय काय कागदं आहेत किंवा होती ते शपथेवर लिहून दे, आणि नियम १४ खाली ती हजर करायला सांगू शकतं. आता निकालाआधीच्या कुठल्या आदेशावर अपील होतं याची यादी कायद्यानं करून ठेवलीये, कलम १०४ आणि ऑर्डर ४३ नियम १. त्या यादीत नाव असेल तर अपील, नसेल तर नाही. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाचा आदेश यादीत आहे, म्हणून त्याच्यावर माणूस दुसऱ्या दिवशी जिल्हा कोर्टात जाऊ शकतो, आणि गावाकडं बहुतेकांनी तेवढंच पाहिलेलं असतं म्हणून वाटतं की सगळ्याच आदेशांना ते लागू आहे. नियम १२ आणि १४ चे आदेश त्या यादीत नाहीत.

मग रिव्हिजन, म्हणजे खालचा आदेश हायकोर्टाकडून तपासून घेणं? जुन्या वकिलांच्या तोंडात अजून रिव्हिजन बसलेलं आहे कारण एकेकाळी तो रस्ता चालायचा, कलम ११५ खाली हायकोर्टात जायचं, खालचं रेकॉर्ड वर मागवलं जायचं आणि दावा जागच्या जागी थांबायचा. १ जुलै २००२ पासून दुरुस्ती लागू झाली आणि तो रस्ता जवळपास बंद झाला. आता कसोटी अशी आहे की तोच आदेश तुमच्या बाजूनं झाला असता तर दावाच निकाली निघाला असता का? निघाला असता तरच रिव्हिजन. आता कागद दाखवण्याचा आदेश कसाही झाला तरी दावा काही संपत नाही, तारखा चालूच राहतात, त्यामुळं हा आदेश त्या कसोटीत बसतच नाही. व्यापारी कोर्टाचा २०१५ चा कायदा तर आणखी कडक आहे, तिथं मधल्या आदेशावर रिव्हिजन स्पष्ट शब्दात बंद.

राहिलं राज्यघटनेचं कलम २२७, ज्याला सगळे जण बोलताना रिटच म्हणतात. हायकोर्टाला खालच्या कोर्टांवर देखरेखीचा अधिकार आहे त्या अधिकारातून हा अर्ज जातो. दिवाणी कोर्टाच्या आदेशावर २२६, म्हणजे खरं रिटचं कलम, चालत नाही, २२७ च, हे सुप्रीम कोर्टानं २०१५ मधे राधेश्याम विरुद्ध छबीनाथ या निकालात पक्कं केलं. पण २२७ म्हणजे अपील नाही हे पक्षकाराला पटवून सांगताना माझा घसा बसतो. तिथं न्यायमूर्ती असं बघत नाहीत की मी असतो तर दुसरा आदेश केला असता का, ते बघतात की खालच्या जज साहेबांनी अधिकाराच्या बाहेर जाऊन काही केलंय का किंवा उघड अन्याय होईल असं काही झालंय का. १९७२ चा एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर हा निकाल रिव्हिजनवरचा आहे पण विषय अगदी हाच. खालच्या कोर्टानं कागदं उघड करायला सांगितली होती, हायकोर्टानं तो आदेश रद्द केला, आणि सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा निकाल फिरवला. निर्णय चुकलेला असणं वेगळं आणि अधिकारच नसणं वेगळं असा सगळा भर. त्यातच हेही आलं की मागितलेला कागद पुराव्यात वाचता येण्यासारखा नसला तरी, वादाच्या मुद्द्यावर उजेड पाडू शकत असला की तो उघड करायला सांगता येतो.

आता हा नियम असा कडक का, तर माझ्या मते बरोबरच आहे बहुतेक वेळा. आमच्याकडं वाटणीचे दावे आजोबानं लावलेले नातू चालवतोय अशी घरं आहेत. एका दाव्यात अर्जांवर अर्ज होतात, कागद दाखवा, प्रश्नावली द्या, वारस लावा, कोर्ट कमिशनर नेमा, दुरुस्ती करा, आणि यातल्या प्रत्येक आदेशावर अपील ठेवलं तर ज्याच्या ताब्यात जमीन आहे तो आयुष्यभर नुसती अपीलं करून पीक घेत राहील. ज्याला हिस्सा मिळायचाय त्याचं मरण.

हे सगळं माझ्याकडच्या एका ताईंच्या दाव्यात अगदी समोर उभं राहिलं (नावगाव सांगत नाही). वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागायलात, कागदं सगळी भावाकडं, घरात एक लोखंडी ट्रंक आहे त्यात जुने दस्त, निजाम काळातले उर्दूतले कागद, सावकाराच्या पावत्या, सगळं. लहानपणी ती ट्रंक उन्हात टाकायच्या वेळी ताईंनी स्वतःच्या हातानं कागदं पसरलेली आहेत, कुठल्या कागदाला लाल कापड गुंडाळलेलं होतं ते पण सांगतात. नियम १२ चा अर्ज दिला, भावानं म्हणणं दिलं की माझ्याकडं असं काही नाही, आणि कोर्टानं आज रोजी गरज दिसत नाही म्हणून अर्ज नामंजूर केला. ताई बाहेर येऊन म्हणल्या, "वकीलसाहेब, आता कामून थांबायचं, संभाजीनगरला चला ना, मी दागिना मोडते."

दागिना मोडू नका म्हणलं. एक तर कलम १०५ आहे, लोकांना ते माहीतच नसतं. मधल्या आदेशावर आत्ता अपील होत नसलं तरी शेवटी हुकूमनामा झाला आणि त्याच्यावर अपील केलं की त्या अपिलाच्या मेमोत हा मुद्दा घेता येतो की अमुक तारखेचा आदेश चुकला आणि त्याचा निकालावर परिणाम झाला. म्हणजे हक्क बुडत नाही, पुढं ढकलला जातो. फक्त "निकालावर परिणाम झाला" हे दाखवावं लागतं, म्हणून तो कागद कशासाठी पाहिजे होता हे अर्जात पहिल्यापासून स्पष्ट लिहिलेलं असावं, नुसतं "न्यायाच्या दृष्टीने आवश्यक" एवढं लिहून भागत नाही. दुसरं, ट्रंकेतलं बरंच काही सरकारी दप्तरातही सापडतं. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक तहसीलला किंवा भूमी अभिलेखला मिळतं, त्याच्यावरून जमीन तेव्हा कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ताब्यात होती ते दिसतं, पुढचे फेरफार काढले की साखळी लागते. तिसरं, कागद हजर करायची नोटीस द्यायची, ती देऊनही दिला नाही तर नकलेवरून पुरावा देता येतो, आणि उलटतपासणीत त्याच्याकडून ट्रंक आहे एवढं जरी आलं तर कोर्टाला असं अनुमान काढता येतं की कागद आणला असता तर तो याच्याच विरोधात गेला असता. पूर्वी हे साक्ष कायद्याच्या कलम ११४ मधे होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मधे आहे. ताईंना हे पटलं, खासऱ्याच्या नकलेचा अर्ज त्यांनी स्वतः जाऊन दिला.

म्हणजे अर्ज नामंजूर झाला तर थांबता येतं, नुकसान नंतर भरून निघू शकतं. पण अर्ज मंजूर झाला आणि तुम्हाला असा कागद दाखवायला सांगितला जो दाखवायचाच नसतो, तर? माझी सगळी तळमळ इथं आहे.

समजा एखाद्या दुकानदारानं आधीच्या वकिलाला सविस्तर पत्र लिहिलेलं आहे, माझी बाजू कुठं लंगडी आहे, कुठली पावती नाही, कुठल्या साक्षीदारावर भरवसा नाही, सगळं मोकळेपणानं. हे पत्र संरक्षित आहे. वकिलानं पक्षकाराचं बोलणं फोडू नये हे पूर्वी साक्ष कायद्याच्या कलम १२६ मधे होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या १३२ मधे आहे, आणि स्वतः पक्षकारावरही ते उघड करायची सक्ती करता येत नाही, ते आता कलम १३४. पण अशिलाच्या गल्लतीनं किंवा कोर्टाच्या समजुतीनं आदेश झाला की पत्रव्यवहाराची अख्खी फाईल दाखवा, तर कलम १०५ काय कामाचं? चार वर्षांनी अपिलात कोर्ट म्हणेल की हो, आदेश चुकला होता. समोरच्यानं पत्र वाचलेलं असतं, त्यावरून उलटतपासणी घेतलेली असते. सांडलेलं तेल परत बाटलीत भरता येत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न त्यांच्या सुप्रीम कोर्टापुढं २००९ मधे आला होता, मोहॉक विरुद्ध कारपेंटर. तिथं एका कामगारानं कंपनीवर दावा केला, त्याची आणि कंपनीच्या वकिलाची जी भेट झाली त्याबद्दलची माहिती दे असा कंपनीला आदेश झाला, कंपनी म्हणाली हे वकील-पक्षकाराचं गुपित आहे, आम्हाला आत्ताच अपील करू द्या. कोर्टानं एकमतानं नाही म्हणून सांगितलं. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी त्या कोर्टात लिहिलेला हा पहिलाच निकाल. त्यांचं म्हणणं असं की शेवटच्या अपिलात चूक दुरुस्त करता येते, त्या पुराव्याशिवाय नव्यानं सुनावणी घेता येते, आणि अगदीच गंभीर असेल तर खालच्या कोर्टाची परवानगी घेऊन अपील आहे, मॅन्डॅमसचा, म्हणजे वरच्या कोर्टानं खालच्या कोर्टाला थेट हुकूम द्यावा असा, अर्ज आहे, किंवा आदेश न पाळता अवमानाची शिक्षा ओढवून घ्यायची आणि तिच्याविरुद्ध वर जायचं. मला हे वाचून समाधान झालं नाही. नव्यानं सुनावणी झाली तरी समोरच्याच्या डोक्यातून पत्र जात नाही.

आणि गंमत नाही, आपल्याकडंही तसंच एक दार आहे. ऑर्डर ११ नियम २१ असं सांगतो की कागद दाखवायचा आदेश पाळला नाही तर वादीचा दावा फेटाळता येतो, प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो, आणि हा आदेश मात्र ऑर्डर ४३ च्या यादीत आहे, त्याच्यावर अपील होतं. काही जण असा सल्ला देतात की मग पाळूच नका, डिफेन्स स्ट्राइक ऑफ होऊ द्या आणि त्याच्यावर अपील करा. कृपा करून हे करू नका. बब्बर स्युइंग मशीनच्या १९७८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ही टोकाची शिक्षा मुद्दाम, जाणूनबुजून आदेश मोडणाऱ्यालाच द्यावी. तुम्ही अपील मिळावं म्हणून आदेश मोडला तर तुम्ही स्वतःच जाणूनबुजून मोडणारे ठरलात, मग अपिलात कुठल्या तोंडानं बोलणार. आणि वादी असाल तर याच नियमात पुढं लिहिलंय की त्याच कारणावर नवा दावाही लावता येत नाही. जमीन गेली.

मग करायचं काय, तर आदेशाच्या आधीच जागं व्हायचं. नियम १३ च्या शपथपत्रात कागदांची यादी देताना ज्या कागदावर हरकत आहे तो वेगळा लिहायचा, कुणी कुणाला कधी लिहिलं आणि हरकत कशामुळं एवढं सांगायचं, आतला मजकूर लिहायचा नाही. नियम १९ मधे सोय आहे की हरकत खरी का खोटी हे ठरवायला कोर्ट स्वतः तो कागद बघू शकतं, तर लखोट्यात बंद करून फक्त साहेबांपुढं ठेवायची तयारी लेखी दाखवायची. तरी आदेश विरोधात गेलाच तर त्याच दिवशी मुदतीचा अर्ज द्यायचा की वर जायचंय, तोपर्यंत कागद देण्याची सक्ती नको, आणि नकलेचा अर्ज टाकून लगेच २२७ खाली जायचं. वर नुसता अर्ज दाखल झाला म्हणजे खालचं थांबत नाही, स्टे घ्यावा लागतो, हे तर शंभरदा सांगतो मी. आणि कागद एकदा दिला की मग धावायचं कशाला.

पण या धावण्याचा खर्च कोण करतो बघा. संभाजीनगरला खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं, त्याआधी तर मुंबईच होती, हे मोठंच काम झालं आपल्या भागाचं. तरी किनवटचा, देगलूरचा, उमरग्याचा माणूस अजून पहाटेची गाडी धरतो, वरचा वकील लावतो, सगळ्या कागदांच्या टाइप केलेल्या प्रती, उर्दूचं भाषांतर, आणि बोर्डावर नंबर लागेल का नाही याची वाट. ज्याच्याकडं पैसा आहे तो जातो, ज्याच्याकडं नाही तो पत्र देऊन टाकतो. मला असं मनापासून वाटतं की ऑर्डर ४३ च्या यादीत एकच ओळ वाढवावी, वकील-पक्षकाराच्या गुपिताची हरकत फेटाळून कागद दाखवायला सांगणारा आदेश. फक्त तेवढाच, बाकीचे कागदांचे आदेश आहेत तसेच राहू द्यावेत. अपील साधारणपणे जिल्हा कोर्टात जाईल, जिथं माणूस एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो.

याच्यावर एक सिनियर मला म्हणले की मग उद्या प्रत्येक जण कुठल्याही कागदाला वकिलाचं पत्र म्हणेल आणि अपील टाकेल. म्हणेलही. पण नियम १९ खाली साहेबांनी कागद आधी डोळ्यांनी बघितलेला असेल, त्यांनी आदेशात दोन ओळी लिहिल्या की हा सावकाराचा हिशेब आहे, पत्र नाही, तर जिल्हा जज साहेबांना ते अपील पहिल्याच तारखेला काढता येईल, आणि निकालाला तीस दिवसांची हद्द घातली तर दावा अडकायचा प्रश्नच येत नाही.