तुम्ही विचारलंत म्हणून: ‘लॉर्ड’ हा इंग्रजी शब्द खरंच भाकरीतून आला का?

आला, फक्त भाकरीच्या जागी पाव धरा.

जुन्या इंग्रजीत पावाला ‘ह्लाफ’ म्हणत. आजचा ‘लोफ’ तो हाच. ‘वेअर्ड’ म्हणजे राखणारा. वॉर्डन त्याच्याच कुळातला. ह्लाफवेअर्ड, म्हणजे पावाचा राखणदार, बोलण्यात झिजून ‘ह्लाफोर्ड’ झाला. पुढे सुरुवातीचा ‘ह’ गळला, मधल्या ‘फ’चा उच्चार ‘व्ह’ होताच, म्हणून ‘लव्हर्ड’, ‘लोव्हर्ड’. मग तो ‘व्ह’ही गेला आणि ‘लॉर्ड’ उरला. उत्तरेकडे तोच शब्द स्कॉटलंडचा ‘लेअर्ड’, म्हणजे जमीनदार, झाला. ही मधली रूपं जुन्या लिखाणात सापडतात, म्हणून या व्युत्पत्तीवर भरवसा ठेवता येतो.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो. आग्नेय इंग्लंडातल्या केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यात (इ. स. 600च्या सुमाराचा) शेतकऱ्याच्या आश्रिताला ‘ह्लाफएटा’ म्हटलंय: पाव खाणारा. त्याला कुणी ठार मारलं तर 6 शिलिंग दंड. राखणारा आणि खाणारा, दोघांचं नातं एका पावावर मोजलेलं! आपला ‘पोशिंदा’ याच वळणाचा.

‘लेडी’ हे ‘लॅड’चं (पोरगा) स्त्रीरूप नव्हे. मूळ ‘ह्लॅफदीगे’, बहुधा पाव मळणारी. ‘बहुधा’ अशासाठी, की ‘दीगे’ सुटा सापडत नाही. त्याचं नातं ‘डो’शी, म्हणजे मळलेल्या कणकेशी, जोडतात. त्याच धातूकुळात संस्कृत ‘दिह्’, लिंपणे, आणि त्यावरून ‘देह’. डेअरीतली ‘डे’सुद्धा मुळात कणीक मळणारी मोलकरीण, नंतर दूधदुभतं बघणारी.

मात्र यावरून त्या काळच्या लेडी परातीपुढे बसत असत असं समजू नका. आल्फ्रेड राजाची मुलगी एथेलफ्लेड (मृत्यू 918) हिला ‘मर्सियन लोकांची लेडी’ म्हणत (मर्सिया हे मध्य इंग्लंडातलं जुनं राज्य), आणि ती किल्ले बांधत होती, फौजा चालवत होती. शब्द लिखाणात दिसू लागला तेव्हाच पिठाचे हात धुऊन बसला होता.

आणि हो, ‘लाटसाहेब’ हा ‘लॉर्डसाहेब’च. लाटण्याशी त्याचा काही संबंध नाही, कणीक कितीही जवळ असली तरी.