रिकामा रकाना

ऐतिहासिक कादंबरीचं संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणं, असा बहुतेकांचा समज असतो. खरं काम असतं कालपट मांडण्याचं: डावीकडे इतिहासातली तारीख, उजवीकडे कादंबरीतलं प्रकरण. अल्लाबक्ष सूमरो यांच्यावरच्या हस्तलिखिताचा कालपट मांडताना उजवीकडे ऑक्टोबर १९३९ ते मार्च १९४० हा सगळा काळ रिकामा राहिला.

अल्लाबक्ष शिकारपूरचे, सिंध प्रांताचे पंतप्रधान. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला हेच पद होतं. एप्रिल १९४० मध्ये दिल्लीतल्या आझाद मुस्लिम परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि पाकिस्तानच्या मागणीला त्यांनी तिथून विरोध केला. १९४२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान असताना चर्चिलच्या भाषणाच्या निषेधार्थ त्यांनी ब्रिटिशांनी दिलेले किताब परत केले, तेव्हा गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केलं. १४ मे १९४३ रोजी शिकारपुरात टांग्यातून जाताना त्यांचा खून झाला. लेखकाने हे सगळं घेतलं होतं आणि फार ताकदीने लिहिलं होतं.

गाळलं होतं ते सिंधमधल्या सक्कर शहरातल्या मंजिलगाहचं प्रकरण. सिंधू नदीकाठची जुनी इमारत. मशीद म्हणून ती ताब्यात द्या, ही मुस्लिम लीगची मागणी. समोर नदीतल्या बेटावर साधबेलो हे हिंदूंचं तीर्थस्थान. सरकार आठवडेच्या आठवडे चाचपडत राहिलं. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी इमारत रिकामी केली आणि दंगल पेटली. त्यात हिंदूंची फार माणसं मेली. विधानसभेतल्या हिंदू सदस्यांनी अल्लाबक्षांची साथ सोडली. मार्चमध्ये ते पडले, आणि पुढच्या मंत्रिमंडळात लीगचे मंत्री आणि हिंदू मंत्री शेजारी शेजारी बसले! पुढच्याच महिन्यात हा पराभूत माणूस दिल्लीला जाऊन एकसंध भारताची बाजू मांडतो. याहून मोठं प्रकरण कादंबरीकाराला कुठे मिळणार?

लेखक ऑफिसात आले तेव्हा मी हेच विचारलं. ते म्हणाले, “ताई, तो कचरला असं लिहिलं की वाचक म्हणणार, बघा, शेवटी हाही तसलाच. मला ती संधी द्यायची नाही.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. आपला वाचक तसं म्हणतो, हे खरंच आहे. राजकीय कादंबरीतला पाटील आमदार फोडतो तेव्हा आपण त्याला मुरलेला गडी म्हणतो. मुस्लिम पुढारी मात्र आपल्याला भाषणं करणारा आणि वेळेवर मरणारा लागतो. या हस्तलिखितातही अल्लाबक्ष बायकोशी बोलतानासुद्धा सभेत बोलल्यासारखे बोलत होते. शिवाय दर दोन वाक्यांमागे ‘या खुदा’. सिंधी जमीनदार घरात हिंदी सिनेमातलं उर्दू बोलेल का? ती सगळी वाक्यं मी खोडली. त्यावर लेखकाने वाद घातला नाही.

परवा त्यांनी नवं प्रकरण पाठवलं. दंगल आहे, पण अल्लाबक्ष खिडकीशी उभे राहून दुःख करतात. प्रकाशकांना फॉर्म छपाईला सोडायची घाई आहे, त्यांना एवढं पुरे वाटतं. मला वाटत नाही. साठ जणांच्या सभागृहात हा माणूस अल्पमतात असूनही सरकार चालवत होता. मनधरणी, सौदे, रुसवे हे त्याचं रोजचं काम होतं, आणि ते करूनही तो लीगला शरण गेला नाही. प्रत परत पाठवताना मी समासात लिहिलंय: खिडकी काढा. कुठला सदस्य कधी फिरला आणि अल्लाबक्षांनी त्याला थांबवायला काय देऊ केलं, ते दाखवा.