आमची वाटचाल: पॅकेजच्या माहितीचा धंदा

आमचा मूळ धंदा सॉफ्टवेअर लिहून देण्याचा. ग्राहकांच्या सर्व्हरवर चालणारे छोटे प्रोग्रॅम लिहायचे, त्यांची टारफाइल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) करायची आणि सोबत सूचनांचं एक पान द्यायचं. मग एका ग्राहकाकडचे अ‍ॅडमिन म्हणाले, "काम चांगलं आहे हो तुमचं, पण मला डेब द्या. दर अपडेटला जुन्या फाइली हाताने किती शोधत बसू?" डेब म्हणजे डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांचं पॅकेज: फाइली आणि त्यांची माहिती एकत्र बांधलेली, म्हणून बसवणं-काढणं सिस्टिमच करते. त्यांना डेब दिलं, तर पुढच्याने आरपीएम, म्हणजे फेडोरासारख्या लिनक्सचं पॅकेज, मागितलं. असं करत करत लिहिणं मागे पडलं आणि बांधणं वाढलं. आज आमची बहुतेक कमाई इतरांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर डेबियन, उबुंटू, फेडोरा वगैरेंसाठी पॅकेज करून देण्यातून येते.

यातलं अवघड काम म्हणजे कम्पाइल करणं, असं नव्या ग्राहकाला वाटतं. पण तिथे चूक झाली तर कम्पायलर निदान आरडाओरडा करतो. मेटाडेटा, म्हणजे पॅकेजसोबतची नाव, व्हर्जन, गरजा वगैरे माहिती, चुकला तर पॅकेज निमूट तयार होतं, आपल्या मशिनवर छान चालतं आणि अपग्रेडच्या रात्री ग्राहकाकडे फुटतं. आम्हाला बोलावणं येतं ते बहुधा त्यानंतर.

सर्वात जास्त काम आम्हाला व्हर्जनच्या आकड्यांनी दिलंय. २.० च्या आधीच्या चाचणीच्या आवृत्तीला '२.०आरसी१' नाव देऊन लोक मोकळे होतात. डेब बसवणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रॅमच्या हिशेबात शेवटी अक्षरं जोडलेलं व्हर्जन मोठं ठरतं. त्यामुळे खरी २.० बाहेर पडली तरी ती जुनी समजली जाते आणि चाचणीवालीच मशिनवर ठाण मांडून बसते. उपाय एका चिन्हाचा आहे: '२.०~आरसी१'. टिल्डनंतरचा (~ या चिन्हानंतरचा) भाग 'काहीच नाही' याच्याही आधी लागतो, म्हणजे ही आवृत्ती नुसत्या २.० पेक्षा जुनी ठरते. आरपीएममध्ये ही सोय २०१२ मध्ये, ४.१० पासून आली. दुसरा मार्ग इपॉकचा. व्हर्जनच्या आधी '१:' लावलं की आधीची सगळी गणितं मोडून नवं व्हर्जन वर जातं. पण तो एकदा लावला की त्या पॅकेजला जन्मभर चिकटतो, कारण काढला की पुढचं प्रत्येक व्हर्जन जुनं ठरणार. आम्ही इपॉकला सहसा नाहीच म्हणतो, मग ग्राहक रुसला तरी चालेल.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेली चोरवाट) सापडलं, तेव्हा हा विषय ग्राहकांनाही कळला. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून पक्क्या न झालेल्या शाखांत ते शिरलं होतं. तिथे जुना कोड परत आणायचा होता, पण व्हर्जन मागे गेलं तर अपग्रेड होत नाही. म्हणून दुरुस्त पॅकेजचं व्हर्जन ठेवलं गेलं '५.६.१+रिअली५.४.५-१'. दिसायला ओबडधोबड, पण अचूक. यादीत ५.६.१ वाचून घाबरलेल्या ग्राहकांना आम्ही हेच समजावत होतो: आत कोड ५.४.५ चा आहे, सुरुवातीचा आकडा फक्त एपीटीने (डेबियनमध्ये पॅकेज आणून अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रॅमने) ते उचलावं म्हणून.

डिपेंडन्सीचं, म्हणजे पॅकेजला चालायला इतर कोणती पॅकेजं लागतात याचं, दुखणं वेगळं. सी भाषेतल्या लायब्ररी डीपीकेजी-एसएचलिबडेप्स हे साधन कम्पाइल झालेल्या फाइलीत बघून शोधून काढतं, तिथे हात लावायची गरज नसते. पण प्रोग्रॅम आतून जेक्यू किंवा कर्लसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅमची कमांड चालवत असेल, तर ते कुठल्याच साधनाला आपोआप दिसत नाही. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर दोन्ही असतातच, म्हणून त्यालाही दिसत नाही. आम्ही प्रत्येक पॅकेज एसबिल्ड किंवा मॉक या साधनांनी तयार केलेल्या कोऱ्या वातावरणात बांधतो आणि रिकाम्या सिस्टिमवर बसवून खरोखर वापरून बघतो. बांधायला काय लागतं आणि चालायला काय लागतं हे त्यातून वेगवेगळं कळतं. शिवाय प्रत्येक गोष्ट 'डिपेंड्स'मध्ये (अत्यावश्यक पॅकेजांच्या यादीत) कोंबायची नसते. एपीटी 'रेकमेंड्स' (शिफारस केलेली पॅकेजं) आपण होऊन बसवतं, पण कंटेनर बनवणारे ते बहुधा बंद ठेवतात. म्हणून ज्याच्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच होत नाही ते डिपेंड्समध्ये, एखादंच काम अडत असेल तर रेकमेंड्समध्ये. एक फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात हलवली, तर नव्या पॅकेजमध्ये 'ब्रेक्स' (जुन्या व्हर्जनसोबत चालणार नाही) आणि 'रिप्लेसेस' (त्याच्या फाइलींची जागा घेतो) दोन्ही व्हर्जनसकट लिहायचे, नाहीतर डीपीकेजी दुसऱ्याच्या फाइलवर लिहायला नकार देतं.

पॅकेजच्या वर्णनावरून ग्राहकांशी आमचे वाद होतात. डेबियनला पहिली ओळ ८० अक्षरांच्या आत हवी आणि तिच्यात पॅकेजचं नाव पुन्हा नको. मार्केटिंगवाले 'अत्याधुनिक, वेगवान' पाठवतात. आम्ही ते खोडून प्रोग्रॅम काय करतो ते लिहितो. शोधणारा माणूस तेच टाइप करतो. (जाहिरातीसाठी त्यांची वेबसाइट आहे की!)

धंद्याला खरी कलाटणी मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये. लॉगफोरजे या जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतली ती कुप्रसिद्ध सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली आणि जो तो विचारू लागला, 'आमच्याकडे हे कुठे कुठे आहे?' स्वतंत्र पॅकेज असेल तर उत्तर एका कमांडचं. पण कित्येकांनी त्या लायब्ररीची जार फाइल आपल्या पॅकेजच्या पोटात दडवलेली आणि मेटाडेटात तिचा उल्लेख नाही. फेडोरात अशासाठी मेटाडेटातल्या 'प्रोव्हाइड्स' (पॅकेज काय काय देतं) या रकान्यात 'बंडल्ड' म्हणून नाव आणि व्हर्जन लिहायची पद्धत आहे. तेव्हापासून जुन्या पॅकेजांची तपासणी करून अशा नोंदी भरणं हे आमचं वेगळं काम झालं आणि कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ आली.

त्याच तपासणीत लायसन्सही येतं. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी नुसतं 'जीपीएल' लिहिलेलं आम्ही परत पाठवतो. फक्त दुसरी आवृत्ती, की दुसरी किंवा नंतरची? यावर ते सॉफ्टवेअर कशाशी जोडता येईल हे ठरतं. फेडोराने २०२२ पासून एसपीडीएक्सच्या खुणा (प्रत्येक लायसन्सचं आवृत्तीसकट ठरलेलं नाव) स्वीकारल्या, त्यामुळे हा प्रश्न टाळायला जागाच उरली नाही. लिंटियन आणि आरपीएमलिंट ही पॅकेज तपासणारी साधनं बऱ्याच गोष्टी पकडतात, पण लिहिलेलं लायसन्स खरं आहे का, हे सोर्सच्या फाइली उघडून माणसालाच बघावं लागतं.

सध्या युरोपात माल विकणाऱ्या ग्राहकांची कामं जास्त आहेत. तिथला सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला आणि त्यातली बहुतेक बंधनं डिसेंबर २०२७ पासून पाळावी लागतील. आपल्या उत्पादनात कोणते घटक आहेत याची यंत्राला वाचता येईल अशी यादी त्यात बंधनकारक आहे. अशी यादी काढणारी साधनं आधी पॅकेजांचा मेटाडेटाच वाचतात, म्हणून ग्राहक यादी मागायला येतात आणि आम्ही त्यांच्या कंट्रोल आणि स्पेक फाइली (डेब आणि आरपीएमचा मेटाडेटा जिथे लिहितात त्या) मागून घेतो.