एकाच कातळाची माती, दोन समुद्र

गेल्या उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी दाभोळच्या खाडीतून मूठभर काळा चिखल घरी आणला आणि तो बशीत पसरून उन्हात ठेवला. चौथ्या दिवशी त्याला अशा भेगा पडल्या, की वैशाखातले मराठवाड्यातले रान आठवावे. हे साम्य केवळ वरवरचे नाही. दोन्हीकडची माती मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टच्या झिजेतून आलेली आहे आणि ओल मिळाली की फुगणारे, वाळताना आकसणारे स्मेक्टाइट हे खनिज तिच्यात भरपूर असते.

समुद्रतळावरचा गाळ कोणत्या डोंगरातून आला, हे अभ्यासक अशाच खनिजांवरून ताडतात. अरबी समुद्राच्या उत्तर भागात सिंधूने हिमालयातून आणलेली इलाइट आणि क्लोराइट ही खनिजे सापडतात, तर नर्मदा, तापी आणि कोकणातल्या आखूड नद्यांच्या मुखांसमोर स्मेक्टाइटचे प्रमाण वाढते. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी मात्र अरबी समुद्र इतका जवळ असूनही त्याच कातळाची माती बंगालच्या उपसागराकडे नेते. या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

किनाऱ्यालगतची उथळ समुद्रबूड जमीन संपून खोल पाणी लागले, की नद्यांचा गाळ सहसा विरळ होत जातो. बंगालचा उपसागर याला मोठा अपवाद आहे, कारण तेथे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाचा पंखा तळावर सुमारे ३,००० किलोमीटर दक्षिणेपर्यंत पसरलेला आहे. इतरत्र पाण्यात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरासारख्या सूक्ष्मजीवांची चुनखडी कवचे वरून सतत पडत राहतात आणि त्यांचा फिकट, मऊ सिंधुपंक, म्हणजे समुद्रतळावरचा चिखल, साचतो. साधारण साडेचार ते पाच हजार मीटरच्या खाली मात्र ही कवचे साचण्याआधीच विरघळतात. तेथे उरतो तो रेडिओलॅरिया, डायाटम या सूक्ष्मजीवांच्या कवचांचा सिलिकायुक्त सिंधुपंक किंवा हजार वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर साचणारी तांबूस चिकणमाती.

१९८१ मध्ये ‘गवेषणी’ या भारतीय संशोधन जहाजाने हिंदी महासागरातून मँगनीजयुक्त गोटे वर काढले. असे गोटे शार्कच्या दाताभोवती किंवा प्युमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या तुकड्याभोवतीही थर चढत दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर इतक्याच गतीने वाढतात, आणि म्हणूनच ते मुबलक आढळतात ते जमिनीची माती फारशी पोहोचत नाही अशा खोल तळावर.