तुम्ही विचारलंत म्हणून : शुगरला स्ट्रॉबेरी चालते का?

डिसेंबर उजाडला की वाईतल्या माझ्या आहारसल्ल्याच्या खोलीत येणारा जवळजवळ प्रत्येक जण निघता निघता दारात थांबतो आणि विचारतो, "मॅडम, शुगरला स्ट्रॉबेरी चालते का? आणि तब्येतीला ती खरेच एवढी चांगली असते का?" माझे सासर पसरणी घाटाच्या वर, स्ट्रॉबेरीच्याच पट्ट्यात आहे, त्यामुळे माझे उत्तर घरच्या मालाची तरफदारी करणारे असणार, असा काहींचा समज असतो. म्हणून ते एकदा सविस्तर लिहिते.

चालते. १०० ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ ग्रॅम पाणी, ५ ग्रॅमच्या आत-बाहेर साखर आणि २ ग्रॅम तंतू असतात, आणि त्यातून जेमतेम ३२ कॅलरी मिळतात. तेवढ्याच वजनाच्या आंब्यात साखर १४ ग्रॅमच्या आसपास जाते. त्यामुळे मध्यम आकाराची आठ-दहा फळे एका वेळी खाल्ल्याने मधुमेही माणसाचे सहसा काही बिघडत नाही, मात्र ती दिवसभराच्या फळांच्या हिशेबात धरलेली असावीत. अडचण फळाची नसून त्याच्या सोबतीची असते. "महाबळेश्वरला जाऊन भरपूर स्ट्रॉबेरी खाल्ली" असे सांगणाऱ्याला जरा खोदून विचारले, की उंच पेल्यातली स्ट्रॉबेरी-क्रीम, क्रश घातलेले मिल्कशेक आणि घरी आणलेल्या जॅमच्या दोन बाटल्या बाहेर येतात. आपल्याकडच्या नियमांनुसार जॅममध्ये विरघळलेले घटक किमान ६५ टक्के असावे लागतात आणि त्यांतला मोठा वाटा साखरेचा असतो. फळाचे प्रमाण एरवी किमान ४५ टक्के लागते, पण स्ट्रॉबेरीच्या जॅमला २५ टक्केही पुरते. हे वाचून दाखवले की समोरचा माणूस थोडा वेळ गप्प बसतो.

दुसऱ्या प्रश्नात मला अधिक रस आहे. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीतून सुमारे ५९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज ६५, तर पुरुषाची ८० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका वाटीत बरेचसे काम होते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये रक्त कमी असणाऱ्या पुष्कळ असतात. बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाजी हे सगळे त्या खातात, पण वनस्पतींतले लोह शरीरात कमीच शोषले जाते, आणि त्यावर जेवणाला लागूनच चहा होतो, जो ते शोषण आणखी घटवतो. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर शोषण वाढते. म्हणून मी चहा तासभर पुढे ढकलायला सांगते आणि मोसमात ताटातच चार-पाच स्ट्रॉबेऱ्या घ्यायला सुचवते. रक्त कमी असल्याचे निदान झाले असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र तेवढ्यावर थांबवू नयेत.

इथे प्रामाणिकपणे सांगायचे, तर पेरूत क जीवनसत्त्व याच्या तिप्पट-चौपट असते आणि आवळ्यात त्याहूनही जास्त. ज्या घरात दर आठवड्याला स्ट्रॉबेरीची डबी परवडत नाही, तिथे मी पेरूच सांगते. सासूबाईंना हे अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते मी आपल्याच गिऱ्हाइकाला दुसऱ्याचे दुकान दाखवते.

स्ट्रॉबेरीचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो आणि त्यांचा रक्तवाहिन्यांना व कोलेस्टेरॉलला फायदा होतो का, यावर बरेच प्रयोग झाले आहेत. काहींचे निष्कर्ष आशादायक आहेत. पण त्यांतल्या अनेकांत ताज्या फळाऐवजी गोठवून वाळवलेल्या फळाची पूड दिलेली होती, तीही रोजच्या पाव ते अर्धा किलो ताज्या फळांच्या तोडीची, आणि तीसुद्धा काही आठवड्यांपुरती. तेवढ्यावरून रक्तदाबाची गोळी बंद करण्याचे धाडस कोणी करू नये. अंगावरच्या बियांमुळे मुतखडा होतो, ही भीतीही निराधार आहे. क्वचित कोणाला हे फळ खाल्ल्यावर ओठ-तोंड खाजते किंवा अंगावर पित्त उठते. अशांनी मात्र ते टाळावे.

राहिली निवड. सासूबाई भल्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी तोडणीला बसतात तेव्हा फळाला हात न लावता देठ नखाने खुडतात, आणि देठाखालचा भाग पांढरा असलेले फळ झाडावरच ठेवतात, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर आणखी पिकत नाही. रंग थोडा गडद होतो, पण गोडी वाढत नाही. तुम्हीही डबी घेताना ती उलटी करून तळाची फळे पाहा आणि वरच्या फळांची हिरवी पाने किंचित उचलून खालचा रंग तपासा. या फळाला सोलून टाकण्याजोगी साल नसते आणि पिकावर फवारण्या होतात, त्यामुळे खाण्याच्या आधी ते वाहत्या पाण्याखाली नीट धुवावे, पण देठ धुतल्यानंतरच काढावा. आधी काढला तर त्या जागेतून पाणी आत शिरते आणि चव पाणचट होते. उरलेली फळे न धुता, कागदावर एका थरात पसरून फ्रीजमध्ये ठेवावीत आणि दोन दिवसांत संपवावीत.