बारा बाय अठरा

हार घालायच्या फोटोची ऑर्डर आली की आम्ही लॅबवाले फारसं काही विचारत नाही. साइज कोणती आणि कधी हवा, बस. तेरावा असेल तर दोन दिवस हाताशी असतात. इथे इंदूरला उठावण्याची, म्हणजे शोकसभेची पद्धत आहे, त्यांना तिसऱ्याच दिवशी लागतो. लोक काय काय घेऊन येतात! आधार कार्ड, लग्नातला ग्रुप फोटो, चार मोबाइलांतून फिरून आलेला एखादा चेहरा. बारा बाय अठरा इंची प्रिंट तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, नीट हवी तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो लांबीला बहुधा सोळाशेच्या आसपास. बाकीचं आम्ही मनानं भरतो. खांद्यावरचा शेजारणीचा हात पुसायचा, मागे निळं आकाश टाकायचं, पुरुष असेल तर कोट चढवायचा. कोटांचे तीसेक नमुने कॉम्प्युटरात तयार पडलेले आहेत. जन्मात कोट न घातलेली माणसं आमच्याकडून कोट घालून भिंतीवर जातात.

त्या बुधवारी माझ्या मित्राचा थोरला भाऊ दुकानात आला. सोमवारी पंचकुइयाच्या स्मशानात आम्ही दोघं शेजारीशेजारी उभे होतो, त्यामुळे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी मोबाइल पुढे केला. "हा मोठा करून द्या. फक्त गळ्यातला तो पट्टा काढा आणि कोट घाला. बँकेतला माणूस होता, जरा बरा दिसू दे."

फोटो मीच काढलेला. सिरपूर तलाव, डिसेंबरची सकाळ, गळ्यात कॅमेरा, नजर चक्रवाकांच्या जोडीवर. मी हाक मारली, तो वळला, मी बटण दाबलं. "डिलीट कर," म्हणाला. मी हो म्हटलं आणि केला नाही.

आमची ओळखच रोल धुण्यातून झाली. नव्वदच्या दशकात मी दुसऱ्याच्या लॅबमध्ये डार्करूमला होतो. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी काउंटरवर रोलांचा ढीग पडायचा. राजवाड्यावर गेर, रंगाची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंग उडतो, अर्ध्या शहरानं तेच टिपलेलं असायचं. त्या ढिगात एक रोल ब्लॅक अँड व्हाइट निघाला, उटीच्या कारखान्यातला 'इंदू'. रंगपंचमीला काळापांढरा रोल घालणारा हा शहाणा कोण, ते बघायला मी बाहेर आलो. पण निगेटिव्ह धुऊन बघितली तर गुलाल धुरासारखा दिसत होता, आणि त्या धुरातून माणसांचे फक्त दात. रंगीत रोलांत तसं एकही चित्र नव्हतं. संध्याकाळी त्यानं मला सराफ्यात जिलेबी खाऊ घातली. पुढे दर रविवार त्याच्याबरोबरच.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी रिटचिंग शिकलो ते निगेटिव्हवर, टोकदार पेन्सिलीनं. सुरकुती निगेटिव्हवर पातळ, पारदर्शक उमटते. तिथे शिसं भरलं की प्रिंटवर ती फिकी पडते. त्याला ते मुळीच पटायचं नाही. "तू फोटो दुरुस्त करत नाहीस, माणूस दुरुस्त करतोस." मग मी राजा दीनदयाळांना मध्ये आणायचो. १८६६ च्या सुमारास ते इथल्याच बांधकाम खात्यात नकाशे काढायला लागले, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांच्या फोटोग्राफीला उत्तेजन दिलं. मी म्हणायचो, त्या काळातही स्टुडिओत निगेटिव्हवर हात फिरवायचेच. तो म्हणायचा, "हात फिरवायचे, कोट नाही शिवायचे."

बुधवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून बसलो. माझ्याकडे मूळ फाइल होती, त्यामुळे पिक्सेलची अडचण नव्हती. अडचण वेगळीच. पट्टा काढायचा म्हणजे त्याच्या जागी शर्ट आणायचा, आणि पट्ट्याखाली शर्ट कसा होता ते कॅमेऱ्यालाही माहीत नाही. शेजारच्या रेघा उचलून क्लोन करत गेलो. रेघांचा शर्ट फार छळतो, एक रेघ चुकली की सगळं उघडं पडतं. उजव्या खांद्याला दीड तास गेला. एरवी हे काम मी पोरांवर टाकतो.

कोट मात्र चढवला नाही. दोन प्रूफ काढली, एक पट्ट्यासकट, एक पट्ट्याशिवाय, आणि दुकान वाढवून लोकमान्य नगरला मित्राच्या घरी गेलो. सुतकात वहिनी कुठे येणार? आणि खरं सांगायचं तर मला साक्षीदार हवा होता. त्या पट्टाच ठेवायला सांगतील, मग थोरल्यांना परस्पर उत्तर मिळेल, असा माझा हिशेब.

दिव्यापाशी त्यांनी दोन्ही प्रूफ मांडीवर घेतली. बराच वेळ बघत होत्या.

"पट्टा काढलेलाच द्या, भाऊजी."

मी काहीतरी बोलू लागलो. त्यांनी थांबवलं.

"तीस वर्षं दर रविवारी पहाटे हे तो पट्टा अडकवून बाहेर पडायचे. आता भिंतीवर तरी घरी असू देत की."

मला बोलायला जागाच नव्हती. त्यातले बहुतेक रविवार माझ्याबरोबरचे.

"कोट?" मी विचारलं.

"कोट कशाला? आणि ही कॉलर अशी का?"

पट्ट्यानं डावी कॉलर दुमडली होती. पट्टा गेला आणि दुमड तेवढी राहिली, कारण नसल्यासारखी. म्हटलं, सरळ करतो, पाच मिनिटांचं काम.

"नको. इस्त्री माझी असायची, पण येताना कॉलर रोज अशीच घेऊन यायचे."

गुरुवारी मॅट पेपरवर छापला. ग्लॉसीवर समोरच्या समईची चमक चेहऱ्यावर येते. संध्याकाळी थोरले न्यायला आले. फ्रेम उजेडात धरून पाहिली, कोटाचं काही बोलले नाहीत. मी नको म्हणत असताना पैसे काउंटरवर ठेवले आणि दारात थांबून म्हणाले, "कॉलर सरळ करायची राहिली वाटतं."

"राहिली," मी म्हटलं.