मार्चअखेर 45

"दुसरीतल्या लेकरांना कसलं आलंय उद्दिष्ट? आणि बाई, तुम्ही ते ठरवता तरी कशावरून?" पालक विचारतात, नव्यानं रुजू झालेले शिक्षक विचारतात, दिवाळीत माहेरी गेले की भावजयही विचारते. आजवर मी "वरून येतं" म्हणायचे आणि विषय संपवायचे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज उरलेलं अर्धं सांगते.

वरून येतं ते एवढंच: निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानानुसार दुसरीच्या अखेरीला लेकरानं मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत, तिसरीच्या अखेरीला किमान 60. संख्या दुसरीत 999 पर्यंत, तिसरीत 9999 पर्यंत. हे आकडे माझे नाहीत. पण जूनमध्ये समोर बसलेलं लेकरू अक्षरावर आहे, शब्दावर आहे की वाक्यावर, हे मी बघते आणि तिथून मार्चपर्यंतची वाट मी आखते. तो भाग माझा. तिथं झालेली चूकही माझीच.

तीन वर्षांपूर्वी माझ्या दुसरीत तांड्यावरची एक मुलगी होती. बीड जिल्ह्यातली आमची शाळा, त्यामुळे दसऱ्यानंतर निम्म्या घरांना कुलूप. तिचे आईवडील उचल घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेले, ती आजीजवळ. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलायची, मराठी तिला शाळेतच भेटलेली. नोव्हेंबरात ती मिनिटाला 14 शब्द वाचत होती. सगळ्यांच्या नावापुढे लिहिलं तेच मी तिच्याही नावापुढे लिहिलं: मार्चअखेर 45. भिंतीवर तक्ता लावला, नावापुढे लाल, पिवळे, हिरवे ठिपके. तिचा ठिपका लाल.

जानेवारीत ती 22 वर आली. आता लिहिताना कळतं की दोन महिन्यांत 14 वरून 22 ही त्या लेकराची केवढी मोठी मजल होती. तेव्हा मला फक्त उरलेले 23 दिसत होते. फेब्रुवारीत तपासणी होणार असं कळलं आणि मी एक उतारा निवडला, गावच्या बाजाराचा, साठेक शब्दांचा. आठ दिवस मधल्या सुट्टीत तिच्याकडून तोच वाचून घेतला. तिला तो वाचायला लागला असं मी स्वतःला सांगत होते. तिला तो पाठ होत होता हे मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळीच मी तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लावला. तपासणीचे सर आले, मोबाइलवर वेळ लावली, ती उभी राहिली आणि मिनिटभरात 51 शब्द म्हणून गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी सहज उताऱ्याच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं, "हा कोणता गं?" शब्द होता 'टोपली'. तिनं शब्दाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बोट उचलून पहिल्या ओळीवर नेलं आणि पुन्हा सुरुवात केली, "रविवारी आमच्या गावात बाजार भरतो..." पहिल्यापासून म्हणत गेली तरच ती त्या शब्दापर्यंत पोचणार होती. सर म्हणाले, "तेवढाच वाच बेटा." ती थांबली. पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. तिसऱ्यांदा तिचा आवाजच फुटला नाही.

सर रागावले नाहीत. जाताना म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे तिचं." शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलाशी घुटमळत होती. तक्त्याकडे बघत म्हणाली, "बाई, आता परत लाल करणार का?"

तक्ता मी त्याच संध्याकाळी काढला. पण नोंदीत 51 राहू दिले. खोडले नाहीत. पुढच्या वर्षी तिसरीच्या सरांनी तो कागद बघून तिला वाचता येणाऱ्यांच्या गटात बसवलं आणि ती दिवाळीपर्यंत तिथं गप्प बसून राहिली. मग एके दिवशी मला त्यांना सगळं सांगावं लागलं.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग काढून टाका ना ती उद्दिष्टं. नाही. 2010 पासून वर्णनात्मक नोंदी आल्या तेव्हा मी त्यांच्या बाजूनं तावातावानं बोलले होते, लेकराला आकड्यात मोजू नका म्हणून. आणि त्याच वहीत एकाच मुलाच्या नावापुढे सलग तीन वर्षं 'वाचनात सुधारणा आवश्यक' लिहिलं होतं. किती, कशात, कधीपर्यंत, काहीच नाही. तो मुलगा जोडाक्षरं न येताच पाचवीत गेला. आकडा नव्हता म्हणून कुणाला टोचलंही नाही. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, त्यात त्या लेकराचा काय मान राखला गेला?

पण आकड्याचंही ऐका. मराठीत 'घर' हा एक शब्द आणि 'झाडाखालच्या' हाही एकच. एका उताऱ्यात आमचं लेकरू 40 वर जातं, दुसऱ्यात 28 वर येतं, आणि वाचन तेच असतं. म्हणून आता मी वर्गाचं उद्दिष्ट कपाटात ठेवते आणि लेकराचं वहीत लिहिते, तीन आठवड्यांपुरतं. वेलांटी येते पण रफार चुकतो, तर रफाराचे दहा शब्द. वाचून झालं की मधल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवते. गोष्टीत काय झालं ते घरच्या भाषेत सांगितलं तरी चालतं.

यावर आमचे तिसरीचे सर म्हणतात ते मला खोडता येत नाही. "बाई, तुम्ही गरिबाच्या लेकराचं उद्दिष्ट लहान केलंत. 60 तर तिसरीत त्यालाही लागणारच आहेत." यंदा दुसरीत एक मुलगा आहे, ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात जेवतो, आजोबांजवळ झोपतो. जूनमध्ये 6 शब्दांवर होता, गेल्या आठवड्यात 19 वर आला. त्याच्यापुढे मी मार्चसाठी 30 लिहिलेत. सरांचं म्हणणं, 45 लिहा, नाहीतर तुम्हीच 30 वर थांबाल. परवा खोडरबर हातात घेतलं होतं. मग त्यानं कालची गोष्ट आजोबांना वाचून दाखवल्याचं सांगितलं, तेव्हा ते तसंच ठेवून त्याचं ऐकत बसले. वहीत अजून 30 च आहेत.